कुत्रा सांभाळणं शक्य नसेल तर: नवं घर शोधण्यापासून ताबा देण्यापर्यंत

कुत्र्याला नवं घर शोधायचं तर हाताशी सहा ते आठ आठवडे ठेवा. घर सोडायला आठ दिवस उरले असताना शोध सुरू केला की पहिला फोन करणाऱ्याच्या हातात लीश (कुत्र्याला धरायची दोरी) द्यावी लागते, आणि पुढचा सगळा घोळ तिथून सुरू होतो. निरोगी पिल्लाला घर लवकर मिळतं. आठ वर्षांचा, थोराड अंगाचा किंवा रोज गोळी लागणारा कुत्रा असेल तर तीन-चार महिनेही लागू शकतात.

या कामात सगळ्यात महागात पडणारी चूक एकच: कुत्र्याची खोड लपवणं. ‘सांगितलं तर कोण घेणार?’ असं वाटतं आणि माणूस गप्प बसतो. न सांगता दिलेला कुत्रा महिन्याभरात परत येतो. किंवा परत न येता तिसऱ्या-चौथ्या हातात जातो आणि त्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला कळतही नाही. म्हणून खाली चौथी पायरी सगळ्यात लांबलेली आहे. वाचायचा कंटाळा आला तरी ती सोडू नका.

१. आधी व्हेट, मग निर्णय

द्यायचं कारण कुत्र्याचं वागणं असेल तर पहिली फेरी दवाखान्याची. शिस्तीतला कुत्रा अचानक घरात लघवी करू लागला तर मूत्रमार्गाचा संसर्ग, मधुमेह किंवा किडनीचा आजार असू शकतो. कधी न गुरगुरणारा कुत्रा उचलताना किंवा पाठीवर हात ठेवताना गुरगुरू लागला तर सांधा, दात किंवा कान दुखत असण्याची शक्यता आधी तपासा. म्हातारा कुत्रा रात्री येरझारा घालत भुंकत असेल तर नजर, ऐकू येणं आणि म्हातारपणातला विसराळूपणा या तिन्ही गोष्टी व्हेटला विचारा. लघवी आणि रक्ताची तपासणी, कान-दात बघणं आणि चालताना कुठला पाय राखतो ते पाहणं, एवढं झाल्याशिवाय ‘स्वभावच बिघडला’ म्हणू नका.

दुसरी गोष्ट वयाची. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात कुत्रा वयात येतो. हाक ऐकून न ऐकल्यासारखं करतो, लीश ओढतो, काल शिकलेलं आज विसरतो. अनेकांचा धीर नेमका इथे सुटतो. हा काळ सरतो. व्यायाम, चघळायला काहीतरी आणि रोज पाच-पाच मिनिटांचं शिकवणं यांवर निभावून नेता येतं.

आणि अडचण मुदतीची असेल, म्हणजे ऑपरेशन, तीन महिन्यांचं बाहेरगावचं काम, घराची दुरुस्ती, तर कुत्रा कायमचा देऊ नका. फॉस्टर, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता कुत्रा स्वतःच्या घरी सांभाळणारा माणूस, शोधा. किती दिवस, खाण्याचा आणि औषधाचा खर्च कुणाचा, आणि मुदत टळली तर काय, हे तीन मुद्दे मात्र लिहून घ्या.

२. जुने कागद उघडा

कुत्रा शेल्टरमधून (बेघर प्राण्यांच्या आश्रयस्थानातून) किंवा जबाबदार ब्रीडरकडून (पैदास करणाऱ्याकडून) आला असेल तर बहुतेक करारांत एक अट असते: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रा आम्हालाच परत करायचा. दुसऱ्याला परस्पर दिल्यास करार मोडतो. पहिला फोन त्यांना. ते घेणार नसतील तर तसं लेखी मागून घ्या, निदान मेसेजमध्ये.

३. दवाखान्याची कामं, या क्रमाने

लसी आधी. रेबीज आणि डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटिसची एकत्रित लस चालू मुदतीत आहेत का बघा. राहिल्या असतील तर ताबा द्यायच्या दोन-तीन आठवडे आधी उरका, कारण लस दिल्याबरोबर संरक्षण तयार होत नाही. त्याच फेरीत जंतनाशक आणि गोचीड-पिसवांचं औषध.

नसबंदी झाली नसेल तर तुमच्या ताब्यात असतानाच करा. जातिवंत आणि नसबंदी न झालेला कुत्रा म्हणजे पिल्लं विकून पैसे करणाऱ्यांना आयतं आमंत्रण. नसबंदी झालेली कुत्री त्यांच्या उपयोगाची नसते आणि फोन आपोआप कमी होतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, त्याआधी कुत्रा हलवू नका. जखम चाटायची, नव्या जागेची धास्ती, अनोळखी माणसं, हे सगळं एकदम नको. पिल्लू फार लहान असेल किंवा व्हेटने भूल द्यायला नको म्हटलं असेल तर नसबंदी कुणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायची, हे ताबा देतानाच्या करारात (नववी पायरी) घाला.

आईजवळची पिल्लं आठ आठवड्यांच्या आत कुणालाही देऊ नका, समोरचा कितीही घाई करो. चावताना जोर किती लावायचा, हे पिल्लू भावंडांशी खेळतानाच शिकतं.

मायक्रोचिपबद्दल गैरसमज फार आहेत. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये ना बॅटरी असते, ना ठावठिकाणा. साधारणपणे तिच्यात फक्त एक क्रमांक असतो, बहुतेक वेळा १५ आकडी. तुमचं नाव आणि फोन असतो तो नोंदणी ठेवणाऱ्यांकडे. म्हणजे कुत्रा नव्या घरी गेला, तिथून पळाला आणि कुणी स्कॅन केला, तर फोन तुम्हालाच येणार. तोवर तुमचा नंबर बदललेला असला तर कुणालाच येणार नाही. दवाखान्यात चिप एकदा वाचून क्रमांक कागदाशी ताडून बघा. चिप खांद्यांच्या मधोमध टोचलेली असली तरी कधीकधी पुढच्या पायाकडे सरकते, तेव्हा स्कॅनर छाती-खांद्यावरूनही फिरवायला सांगा. नाव बदलून घ्यायला सहसा जुन्या मालकाची संमती लागते, त्यामुळे हे काम ‘नंतर बघू’वर टाकलं की राहतंच.

४. कुत्र्याचा खरा कागद

एक-दोन पानं लिहा. विशेषणं टाळा. ‘प्रेमळ आहे’, ‘थोडा हट्टी आहे’ यातून घेणाऱ्याला काहीच कळत नाही. काय घडतं, कधी घडतं आणि किती वेळ घडतं ते लिहा. नमुना म्हणून एका काल्पनिक कुत्र्याचा कागद असा:

“मोती. नर, ५ वर्षं, २२ किलो, नसबंदी झालेली. सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ ला दीड-दीड कप कोरडं खाणं. खाताना वाटीजवळ हात नेला तर आधी भराभर खातो, मग मान ताठ करतो, मग गुरगुरतो. दात कधी लावलेले नाहीत. आम्ही खाताना त्याला एकटं सोडतो. घरात एकटा चार तास शांत राहतो, पाचव्या तासाला दाराची चौकट ओरखडतो. गडगडाट झाला की बाथरूममध्ये जाऊन बसतो. ओढून काढू नये, पाऊण तासात स्वतः येतो. बायका-पुरुष दोघांशी बरा. धावणाऱ्या मुलांच्या मागे धावतो. मांजराबरोबर ठेवून पाहिलेलं नाही. ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ कळतं. बाहेर ‘ये’ म्हटलं तर येत नाही, त्यामुळे लीश सोडू नये.”

यात ‘पाहिलेलं नाही’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. जे माहीत नाही तिथे ‘चालेल’ लिहू नका.

कधी चावला असेल तर ते वेगळ्या परिच्छेदात: तारीख, कुणाला, शरीरावर कुठे, कातडी फाटली की नुसते दाताचे वळ उठले, एकदा की लागोपाठ, डॉक्टरकडे जावं लागलं का, आणि आधीच्या अर्ध्या मिनिटात काय चाललं होतं. दुखऱ्या कानाला औषध घालताना चावणं आणि सोफ्यावर शांत बसलेल्या माणसाला जाऊन चावणं या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि अनुभवी माणूस त्या वेगळ्याच वाचतो. खोल जखमा, लागोपाठ चावे, किंवा गुरगुरण्याची पूर्वसूचना न देता चावणं असं असेल तर जाहिरात देऊच नका. आधी व्हेट आणि त्यांच्यामार्फत वर्तनतज्ज्ञ. असा कुत्रा कुठल्या घरात सुरक्षित राहू शकेल, की कुठेच नाही, हा प्रश्न कडू असला तरी त्यांच्यासमोर बसूनच सुटायला हवा. माहिती दडवून दिलेला कुत्रा पुन्हा चावला तर अनेक ठिकाणी जुन्या मालकावरही कायदेशीर जबाबदारी येऊ शकते.

औषधांचं नाव, मात्रा, वेळ आणि शेवटची तारीख लिहा. फिट्सची औषधं आणि स्टेरॉइड एकाएकी बंद करता येत नाहीत. फिट्सच्या गोळीचे चार दिवस चुकले तर कुत्रा थेट झटक्यांत जाऊ शकतो. एक महिन्याचा साठा आणि चिठ्ठीची प्रत बरोबर द्या.

दोन कुत्रे असतील तर त्यांना एका दिवसासाठी वेगळं ठेवून बघा. दोघं जेवले, झोपले तर वेगळी घरं चालतील. एकाने खाणं सोडलं, दारातून हलला नाही, तर जोडी एकत्रच द्या.

५. फोटो आणि जाहिरात

दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून फोटो काढा. एक चेहऱ्याचा, एक उभा असताना बाजूने, एक माणसाजवळचा, म्हणजे आकार कळतो. लीशवर चालतानाचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ दहा फोटोंचं काम करतो. फोटोत घराचा नंबर, गाडीची पाटी, टॅगवरचा फोन दिसू देऊ नका.

जाहिरातीत वय, वजन, नसबंदी, लसी, देण्याचं खरं कारण आणि कुठलं घर चालणार नाही एवढं हवं. ‘तातडीने’ आणि ‘मोफत’ हे दोन शब्द नकोत. तातडी दिसली की अटी घालायची तुमची ताकद जाते. मोफत दिसलं की पुढे विकणारे येतात. नाममात्र दत्तक शुल्क ठेवावं. ते नको वाटत असेल तर ‘शुल्क शेल्टरला देणगी म्हणून द्यायचं’ असं लिहा. रडवेला मजकूरही टाळा. ‘नाहीतर याला रस्त्यावर सोडावं लागेल’ वाचून दयेपोटी हो म्हणणारे पंधरा दिवसांत थकतात.

६. विचारायचं कुठे

कुत्र्याला आधीपासून ओळखणारे आधी: ज्यांच्याकडे तो कधी राहिला आहे ते, फिरायला नेणारा, व्हेट आणि तिथले सहायक. मग त्या जातीसाठी काम करणारे रेस्क्यू गट. मग शेल्टर. सार्वजनिक पोस्ट सगळ्यात शेवटी.

शेल्टरला देण्यापूर्वी तिथे स्वतः जाऊन या. विचारा: जागा भरली की काय करता? आजारी किंवा म्हाताऱ्या कुत्र्याचा निर्णय कोण घेतं? एका पिंजऱ्यात किती? घर मिळालं तर आम्हाला कळवाल का? उत्तरं तुटक आली किंवा आतला भाग दाखवायला नकार मिळाला तर दुसरीकडे बघा. आणि रात्री गेटला बांधून निघून येणं म्हणजे शेल्टरला देणं नव्हे, ते टाकून देणं झालं. अनेक देशांत तो गुन्हा आहे.

७. फोनवरची चाळणी

पंधरा मिनिटं बोला. प्रश्न विचारून गप्प राहा, उत्तर सुचवू नका. ‘तुम्ही रोज फिरवाल ना?’ याला सगळेच हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा:

- कुत्र्याचा साधा एक दिवस तुमच्याकडे कसा जाईल, सकाळपासून सांगा.
- घरातले सगळे तयार आहेत का? कोण नाही? त्यांच्याशी बोलता येईल का?
- भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी आहे का?
- आधीचा कुत्रा होता तर त्याचं काय झालं? कुठल्या व्हेटकडे जात होता?
- गावाला जाल तेव्हा तो कुठे राहील?
- त्याने चप्पल फाडली, पाहुण्यावर गुरगुरला, तर काय कराल?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात बोलकं असतं. ‘दोन फटके देऊ’ म्हणणारा तिथेच गळतो.

आता सापळे. कुत्रा न बघताच ‘पाठवून द्या’ म्हणणारा, स्वतः न येता ड्रायव्हर पाठवणारा, नसबंदी झाली का हे पहिल्याच वाक्यात विचारून झाली म्हटल्यावर फोन ठेवणारा, आजच हवा म्हणून अडून बसणारा, घर दाखवायला टाळाटाळ करणारा, या सगळ्यांना नाही म्हणा. ‘मोठी मोकळी जागा आहे’ ऐकून भुलू नका. मोकळी जागा म्हणजे पुष्कळदा दिवसभर साखळी. वाढदिवसाची सरप्राइज भेट म्हणून कुत्रा हवा असेल तर ज्याला मिळणार आहे तो स्वतः येऊन भेटेपर्यंत थांबा. आणि कुणी जास्तीचे पैसे पाठवून ‘उरलेले गाडीवाल्याला द्या’ म्हणालं तर ती सरळ फसवणूक आहे.

नाही म्हणताना कारण द्यायची गरज नाही. ‘दुसरं घर जास्त जुळतंय’ पुरे.

८. भेट, घर आणि चाचणीचे दिवस

पहिली भेट तटस्थ जागी, सगळ्या कुटुंबासह. कुत्र्याला त्यांच्याकडे जाऊ द्या, त्यांनी वाकून मिठी मारायची नाही. त्यांच्याकडे कुत्रा असेल तर समोरासमोर आणू नका. दोन माणसं, दोन कुत्रे, मध्ये पाच-सहा मीटर अंतर आणि एकाच दिशेने चालणं. दहा मिनिटांनी दोघांच्या लीश सैल असतील तर अंतर कमी करा. ताणलेल्या लीशवर ओळख करून देणं हे भांडणाचं मोठं कारण असतं.

दुसरी भेट त्यांच्या घरी. कुंपणाखालची फट, गच्चीचा कठडा, मुख्य दार कोण आणि किती वेळा उघडतं, झोपायची जागा बघा. मग दोन आठवड्यांची चाचणी ठेवा. या काळात मालकी तुमची, सांभाळ त्यांचा, आणि तातडीच्या उपचाराचा खर्च कुणी करायचा ते लिहिलेलं.

९. कागदपत्रं

- लसीकरणाचं पुस्तक आणि जंतनाशकाच्या तारखा
- नसबंदीचं प्रमाणपत्र
- चिपचा क्रमांक आणि नावबदलाचा अर्ज
- परवाना लागत असेल तर तो, आणि तो नावावर करून घ्यायची माहिती
- तपासण्यांचे रिपोर्ट, एक्स-रे, औषधांच्या चिठ्ठ्या
- कुत्र्याचा खरा कागद, दोघांच्या सहीसह
- हस्तांतराचा करार

करार एका पानाचा पुरतो. दोघांची नावं, ओळखपत्राचा क्रमांक, कुत्र्याचं वर्णन, चिप क्रमांक, तारीख. तीन अटी नक्की घाला: पिल्लं काढायची नाहीत, विकायचा नाही, आणि सांभाळणं जमलं नाही तर आधी आम्हाला कळवायचं. खऱ्या कागदावर सही घेतली की ‘आम्हाला सांगितलंच नव्हतं’ हे भांडण मिटतं.

१०. ताब्याचा दिवस

सकाळची वेळ ठरवा, म्हणजे रात्र व्हायच्या आत कुत्र्याला घर हुंगायला वेळ मिळतो. प्रवासाच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं, निघण्यापूर्वी लांब फेरी. अंघोळ घालू नका. अंथरूण, एखादं खेळणं न धुता द्या, त्यात ओळखीचा वास असतो. चालू खाण्याची सात ते दहा दिवसांची शिधा द्या. खाणं बदलायचं तर दोन-तीन दिवस पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण, नाहीतर जुलाब ठरलेले.

नव्या मालकाचा फोन असलेला टॅग निघण्याआधी गळ्यात. गळपट्ट्याखाली दोन बोटं सपाट जावीत, चार जात असतील तर सैल आहे. घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही, मागे सरकतो. मान खाली घालतो, कान मागे पाडतो, आणि गळपट्टा डोक्यावरून अलगद निघून येतो. माणसाच्या हातात रिकामी लीश उरते. म्हणून पहिले पंधरा दिवस हार्नेस (छाती-खांद्यांभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही, आणि दोन्हीला वेगळी लीश. गाडीचं दार उघडण्याआधी लीश हातात गुंडाळलेली हवी.

निरोप आटोपता घ्या. रडायचं असेल तर गाडी गेल्यावर.

११. पहिले तीन महिने

नव्या घराला हे सांगून ठेवा: पहिले तीन दिवस कुत्रा बुजलेला असेल, तीन आठवड्यांत दिनक्रम कळेल, तीन महिन्यांनी तो घरचा होईल. हा ढोबळ अंदाज आहे, पण धीर धरायला पुरतो. खऱ्या खोडी बऱ्याचदा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दिसतात, कारण तोवर कुत्रा दबून असतो. पहिले दोन आठवडे पाहुणे नको, अंघोळ नको, गर्दीत नेणं नको. एक दिवस जेवला नाही तर चालतं. मोठ्या कुत्र्याने दोन दिवस काहीच खाल्लं नाही, किंवा दिवसभर पाणी प्यायला नाही, तर व्हेट. पिल्लाच्या बाबतीत इतकं थांबू नका.

तुम्ही तिसऱ्या दिवशी, तिसऱ्या आठवड्यात आणि तिसऱ्या महिन्यात फोन करा. भेटायला निदान पहिले दोन-तीन महिने जाऊ नका. तुम्हाला बघून तो आनंदेल आणि तुम्ही निघालात की पुन्हा पहिल्या दिवसावर येईल.

पळालाच तर नव्या लोकांनी पाठलाग करू नये. तुम्हाला लगेच कळवावं. जुनं घर जवळ असेल तर तो तिकडे येऊ शकतो, आणि कुठे दिसला तर तुमचा आवाज ओळखतो.

१२. जमलं नाही तर

कळवल्यापासून एक-दोन दिवसांत कुत्रा कुठे ठेवायचा याची जागा आधीच ठरवून ठेवा, मग ती तुमचं घर असो, फॉस्टर असो वा बोर्डिंग (पैसे घेऊन कुत्रे ठेवून घेणारी जागा). परत देणाऱ्याला बोल लावू नका. चिडलात तर ते खरं काय झालं ते सांगणार नाहीत. तिथे तो कुणावर गुरगुरला, रात्री कुठे झोपला, एकटा किती तास राहिला, हे शांतपणे विचारून घ्या आणि त्याच्या कागदात नव्या तारखेने लिहा. पुढच्या घरी हाच कागद जायचा आहे.